पावसात लॉन कापायचं का थांबायचं? गवत घोट्याच्या वर गेलंय

ओलंचिंब_अंगण
नमस्कार मंडळी, वाचतो बरेच दिवस पण लिहितोय पहिल्यांदा, काही चुकलं तर सांभाळून घ्या. घराच्या मागे साधारण दीडशे चौरस मीटरचं लॉन आहे, एरवी दर आठ-दहा दिवसांनी कापतो आणि ४ सेंटीमीटरच्या आसपास ठेवतो. आता झालंय असं की गेले सतरा-अठरा दिवस पाऊस थांबायचं नावच घेत नाहीये, म्हणजे थांबतो तासभर, मी मशीन बाहेर काढतो, वायर सोडतो, की परत सुरू. त्यामुळे गवत आता १५ सेंटीमीटर तरी झालंय, पट्टीने मोजलं मी. एका कोपऱ्यात तर आडवंच पडायला लागलंय.

मशीन वायरवालं इलेक्ट्रिक आहे, खाली पंख्यासारखं पातं फिरतं ते. शेजाऱ्यांकडे पेट्रोलचं आहे, मागितलं तर देतील. घरात दोन पक्ष पडलेत. वडील म्हणतात पाऊस बारीक आहे, अर्ध्या तासाचं काम, काप आणि मोकळा हो, काही होत नाही. बायको म्हणते ओल्यात करंट लागून बसलास तर लॉन मी कापायचं का. मला दोघांचंही पटतंय हीच अडचण आहे.

तर ओलं गवत कापलं तर नक्की बिघडतं काय? गवताचं नुकसान होतं का मशीनचं का माझं? आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ थांबायचं असतं? कोणी म्हणतं दोन तास कोणी म्हणतं दोन दिवस. आणि इतकं वाढलेलं एकदम ४ वर आणलं तर चालेल का? प्रश्न जास्त झाले, सॉरी.

---

फ्यूज_उडाला
वायरवालं आहे म्हणालात ना, मग बाकीची चर्चा नंतर. पावसात नाही, ओल्या गवतात पण नाही. वहिनी बरोबर आहेत.

माझा किस्सा सांगतो. पाऊस थांबून तास झाला होता, वरून सगळं कोरडं दिसत होतं. मशीनची वायर पुरेना म्हणून एक्स्टेन्शन जोडलं आणि तो जोड गवतातच पडला होता. पात्यापासून दहा पावलं लांब, मला वाटलं त्याचा काय संबंध. गवताच्या बुडाशी पाणी होतं ते जोडात शिरलं आणि घरात फट्कन सगळं बंद. आरसीसीबी होती म्हणून इथे बसून टाइप करतोय. ती ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे तेवढा करंट भलतीकडे जायला लागला की क्षणात तोडते. साध्या एमसीबीला यातलं काही कळत नाही हे लक्षात ठेवा, ती लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर पडते, माणसातून करंट गेला तर तिला पत्ता पण लागणार नाही.

मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनवालं आहे. लोक ती बघून निर्धास्त होतात. पण ती खूण मशीनच्या बॉडीची आहे, तुमच्या चिरलेल्या वायरीची आणि एक्स्टेन्शनच्या जोडाची नाही. आणि लॉन कापताना वायरवरून पातं एकदा तरी जातं, कोणाचं गेलं नाही सांगा.

---

ओलंचिंब_अंगण
माझं गेलंय. दोनदा. इन्सुलेशन टेप आहे तिथे. 😐

---

फ्यूज_उडाला
टेप??? ती वायर आधी बदला राव, पाऊस राहू द्या बाजूला.

---

भरपावसात_भटक्या
मी उलट बाजूने बोलतो, शिव्या घाला हवं तर. माझ्याकडे पेट्रोलचं आहे आणि मी ओलं गवत सर्रास कापतो कारण कोरड्याची वाट बघत बसलो तर गवत कमरेला लागेल आणि मग ते कापायला मशीन नाही, कोयता लागेल. गवताला काही होत नाही, चार दिवसात परत हिरवंगार. भरपावसात मात्र मीही नाही कापत, नाव नुसतं नाव आहे.

फक्त कोरड्यासारखं कापायला जाऊ नका. हाइट सगळ्यात वर न्या. पूर्ण रुंदीचा पट्टा घेऊ नका, अर्धाच घ्या, म्हणजे अर्धं मशीन कापलेल्या भागावर आणि अर्धं न कापलेल्यावर. चाल निम्मी. आणि मागची पिशवी काढून बाजूने गवत बाहेर पडू द्या, कारण ओलं गवत पिशवीपर्यंत पोचतच नाही, तोंडाशीच गच्च बसतं आणि मग दर पाच मिनिटांनी बंद करा, साफ करा, परत दोरी ओढा. दोरी ओढून ओढून माझा खांदा गेला एका वर्षी. आणि हो, ते तोंड साफ करताना हात घालायच्या आधी इंजिन पूर्ण बंद आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला. काडीने काढायचं, बोटाने नाही.

वडिलांना सांगा बरोबर आहेत, पण मशीन शेजाऱ्यांचं घ्या.

---

गच्च_हिरवळ
@भरपावसात_भटक्या दादा तुमची जमीन वाळूची असणार, पैज लावते. चिकणमातीवर हे करून बघा मग बोलू.

ओपी, तुमच्या प्रश्नात एक घोळ आहे आणि तो सगळ्यांचाच होतो. "ओलं" म्हणजे काय ओलं? पाऊस पडतोय, पातं ओलं आहे, आणि जमीन ओली आहे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचा त्रास वेगळा आहे. (पातं म्हणजे गवताचं पातं, मशीनचं नाही, या भाषेची गंमतच आहे, दोन्हीला एकच शब्द. पुढे मशीनच्या पात्याला मी ब्लेड म्हणते.)

पडत्या पावसात कापायचं नाही हे तर झालंच. पाय घसरतो, दिसत नाही नीट, वीज चमकत असेल तर उघड्यावर लोखंड धरून उभं राहायचं कशाला.

आता पान ओलं. तुमच्याकडे आहे ते फिरत्या ब्लेडचं मशीन, ते गवत कात्रीसारखं दोन धारांत धरून कापत नाही. एकच धार असते आणि ती नुसत्या वेगावर कापते. हिशोब करून बघा, ३८ सेंटीमीटरचं ब्लेड मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ ६० मीटर होतो, म्हणजे ताशी २१५ किलोमीटर. ब्लेडची मागची कड वर वळवलेली असते, त्याने खालून हवा वर ओढली जाते, गवत उभं राहतं आणि मग धार बसते. ओलं गवत जड, एकमेकांना चिकटलेलं, ते उभं राहतच नाही. मग काही कापलं जातं, काही नुसतं झोडपलं जातं, काही तसंच राहतं आणि दोन दिवसांनी डोकं वर काढतं. त्यात मोटरवर लोड आला की वेग कमी होतो, वेग कमी झाला की कापण्याऐवजी फाडायला लागतं. फाटलेलं टोक दोन-तीन दिवसांनी पांढरट तपकिरी दिसतं, लांबून बघितलं तर सगळं लॉन भाजल्यासारखं. त्यामुळे ओल्यात कापायचंच असेल तर धार ताजी पाहिजे. बोथट ब्लेड कोरड्यात चालून जातं, ओल्यात त्याची लायकी कळते. तरी पण एवढं सगळं धरून सुद्धा, पान ओलं असणं हा दिसण्याचा प्रश्न आहे. वाईट दिसेल, भरून येईल.

खरं नुकसान जमीन ओली असताना होतं आणि ते दिसत नाही म्हणून लोक म्हणतात काही होत नाही. चांगल्या मातीत साधारण अर्धी जागा पोकळीची असते, काहीत पाणी काहीत हवा. मुळं त्या हवेवर जगतात. ओली माती पायाखाली चाकाखाली दाबली की मोठ्या पोकळ्या आधी मिटतात, आणि हवा नेमकी त्यांच्यातच असते. मग पुढचा पाऊस मुरत नाही, वर साचतो, जमीन अजून जास्त वेळ ओली राहते, तुम्ही परत ओल्यातच कापता. एक मजा सांगते, पाणी अगदी साचलेलं असतं तेव्हा माती तितकी दाबली जात नाही कारण पोकळ्या पाण्यानेच भरलेल्या असतात, तेव्हा ती लिंपली जाते, चिखल होतो, चाकाच्या खोल चाकोऱ्या पडतात. जास्त घट्ट दाबली जाते ती त्याच्या नंतर, वरचं पाणी निघून गेलंय, वरून ठीक दिसतंय पण आत दमट आहे तेव्हा. म्हणजे आपण जेव्हा म्हणतो "चला आता झालं कोरडं" तेव्हा.

म्हणून तासांचा हिशोब कोणी विचारला की मी सांगत नाही. वाळूची जमीन काही तासात तयार, चिकणमातीला दोन-तीन दिवस लागतील, सावलीत अजून जास्त. घड्याळ बघू नका, जमिनीला विचारा. लॉनच्या मधे जाऊन एका पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, पाय उचला. ठशात पाणी जमलं तर घरी जा. पाणी नाही पण ठसा तसाच खोल राहिला तरी घरी जा. ठसा हळूहळू भरून आला, गवत उठलं, तर कापा. अजून खात्री पाहिजे तर बोटभर खोलवरची माती काढून मुठीत दाबा, चकचकीत गोळा होऊन बोटांना चिकटली तर नाही, दाबल्यावर फुटली तर हो.

---

ओलंचिंब_अंगण
वा, ताई इतकं सविस्तर!! लगेच जाऊन एका पायावर उभा राहून आलो, शेजारच्या काकांनी विचारलं काय चाललंय. 😄 ठशात पाणी आलं. म्हणजे पचक असा आवाज पण आला. माती चिकणच आहे बहुतेक, बुटाला धरून आली घरात, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

मग आता थांबू? पण गवत तर वाढतंच चाललंय, अजून आठवडा पाऊस दाखवतोय. १५ चं २० होईल.

---

शेळी_पाळा
दोन शेळ्या आणून बांधा. धार नको वायर नको पेट्रोल नको.

---

गच्च_हिरवळ
@शेळी_पाळा शेळ्यांना पण खुर असतात दादा, चिखलात बघा काय करतात ते. आणि गवताआधी फुलझाडं संपवतील.

ओपी, वाढू दे. वाढलेलं गवत मरत नाही, खरवडलेलं गवत मरतं. नियम एकच पाळा, एका वेळेला उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. १५ आहे ना, पहिल्यांदा १० वर. मग तीन-चार दिवसांनी ७. मग ५. तीन फेऱ्या लागतील. आणि शेवटी पावसाळाभर ४ चा हट्ट सोडून ५-६ वर ठेवा, सावलीच्या बाजूला तर नक्कीच. ढगाळ दिवसात ऊन कमी, त्यात पान पण कमी केलं तर ते अन्न बनवणार कशावर. एकदम ४ वर आणाल तर खालचा पिवळा दांडा उघडा पडेल, तिथे हिरवं पानच नसतं, सगळी ताकद नवी पानं काढण्यात जाईल आणि मुळं तिथेच थांबतील. मधल्या काळात तण घुसेल ते वेगळंच.

पावसाळ्यात दर वेळी थोडंथोडं कापणं हेच सोपं पडतं. थोडं कापलं की पडणारं गवत पण बारीक आणि कमी असतं, ते आत जिरून जातं.

---

भरपावसात_भटक्या
जमीन वाळूचीच आहे ताई, पैज जिंकलात. पण १५ सेंटीमीटर पेट्रोलच्या मशीनला काहीच नाही, मी ३० च्या वरचं कापलंय. मशीनची पुढची चाकं जरा उचलून हळूहळू वरून टेकवत जायचं.

---

फ्यूज_उडाला
पुढची चाकं उचलून?? म्हणजे फिरतं ब्लेड समोरून उघडं. ओल्या गवतात, घसरड्या जमिनीवर. भटक्या साहेब तुम्ही खांद्यावर भागवलं हे नशीब समजा. आत एखादा दगड सापडला तर तो कुठे जाईल? वरती ताईंनी ब्लेडचा वेग काढून दाखवलाय तो वाचा.

आणि ओपी तुमचं लॉन सपाट आहे का उतार? उतारावर ढकलायचं मशीन आडवं चालवायचं, वरखाली नाही. आणि कधीच स्वतःकडे ओढत मागे मागे यायचं नाही, घसरलात तर मशीन अंगावर आणि पाय खाली. ओल्या उताराला तर हातच लावू नका. खाली दातेरी तळाचे बूट घाला, चप्पल नको प्लीज. बसून चालवायच्या मशीनचं याच्या उलट आहे, ते आडवं नेलं तर कलंडतं, सरळ वरखाली न्यायचं, ओल्या उतारावर तेही नको.

---

भरपावसात_भटक्या
ठीक आहे चाकांचं मागे घेतो, ते नका करू. बाकीच्या मुद्द्यांवर ठाम आहे.

---

लांब_दांडा
उशिरा आलो चर्चेत. कोणी एक गोष्ट बोलेना म्हणून लिहितो. ओलं गवत कापू नये हा नियम गवताचा नाहीच, मशीनचा आहे. मशीन यायच्या आधी मोठमोठ्या बागांमधलं गवत लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने कापायचे, उभ्याउभ्या दोन्ही हातांनी झुलवायचा तो, आणि ते लोक मुद्दाम पहाटे दव असताना सुरू करायचे. कारण त्या विळ्याला ओलंच गवत पाहिजे. दवात पान पाण्याने भरलेलं ताठ आणि मऊ असतं, जड असतं, धारेसमोर टिकून राहतं आणि सपकन कापलं जातं. दुपारी कोरडं झालं की तेच गवत नुसतं वाकतं, धार वरून घसरते.

मग १८३० साली इंग्लंडमधे एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं. कापड गिरण्यांमधे लोकरीच्या कापडावरचा लव भादरायला गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र असायचं, ते बघून त्याला सुचलं की हे गवतावर पण चालेल. लॉन भादरणं म्हणतो ना आपण, ते अगदी शब्दशः तसंच. विळ्याला दव लागायचं तर या यंत्राचं कौतुकच हे होतं की गवत कोरडं असताना पण कापता येतं. म्हणजे तेव्हा अडचण कोरड्या गवताची होती, ओल्याची नाही!! आता आपण नेमके दुसऱ्या टोकाला आलोय.

हे सांगायचं कारण म्हणजे तुमच्याकडे साधा विळा असेल तर तो कोपऱ्यातला आडवा पडलेला भाग आत्ताच हाताने कापून टाका. खाली एक रुंद फळी टाका आणि त्यावर बसा, म्हणजे वजन पसरेल आणि माती दाबली जाणार नाही. फळी पुढे सरकवत जा. पूर्ण लॉन नाही होणार तेवढ्याने, पण जिथे गवत पडलंय तिथे खालचं गुदमरतंय, ते तरी मोकळं होईल. विळ्याला करंट पण लागत नाही, वहिनी खूष. हात मात्र आधी काठीने गवत हलवून मगच घाला. उंच ओल्या गवतात बेडूक असतात, आणि बेडूक असले की त्यांच्या मागावर कोण येतं ते सांगायला नको.

---

ओलंचिंब_अंगण
शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तर बरं झालं असतं. 🙏

पण आयडिया भारी आहे फळीची. विळा आहे घरात. एक शंका, कापलेलं ओलं गवत तिथेच राहू देऊ का उचलू? एरवी मी पिशवीत गोळा करून टाकून देतो. एकाने मला सांगितलं होतं की कापलेलं गवत लॉनवर राहिलं की खाली थर साचतो आणि लॉन मरतं.

---

बुरशी_बघा
थर साचतो हे खरं पण तो कापलेल्या पानांचा नसतो. लॉनच्या बुडाशी जो तपकिरी काथ्यासारखा थर असतो तो जुन्या मुळांचा, जमिनीलगतच्या दांड्यांचा असतो, त्यात लवकर न कुजणारा भाग जास्त. कापलेलं पान म्हणजे ८० टक्क्यांच्या वर पाणीच, ते पटकन कुजून जातं आणि त्यातला नायट्रोजन परत गवतालाच मिळतो, वर्षभराच्या गरजेच्या पावपट पर्यंत भरून निघू शकतो. म्हणजे तुम्ही एरवी पिशवीत भरून खतच फेकताय.

पण पण पण. हे बारीक आणि पसरून पडलेल्या गवताचं झालं. ओल्यात कापलं की ते पसरत नाही, लापशीसारखे गोळे पडतात मशीनच्या मागे. तो गोळा तसाच राहिला तर खालच्या गवताला ऊन नाही हवा नाही, तीन-चार दिवसात खाली पिवळा डाग तयार. म्हणून गोळे दिसले की खराट्याने किंवा पंजाने पसरा, फारच जाड असतील तर उचला. उचललेलं ओलं गवत एका ठिकाणी ढीग करून ठेवू नका, आतून तापतं, हवा मिळत नाही आणि दोन दिवसात असला वास सुटतो की शेजारी मशीन द्यायचे बंद होतील. सुकी पानं, कागदाचे कपटे, काही तरी कोरडं मधे मधे घालून खतात जिरवा.

दुसरी गोष्ट जी अजून कोणी बोललं नाही. कापायच्या आधी सकाळी लॉनवर एक चक्कर मारा आणि खाली वाकून बघा. कुठे गोल चट्टे आहेत का, पानांवर कापसासारखं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही आहे का. पान सलग दहा-बारा तास ओलं राहिलं आणि हवा उबदार असेल तर बुरशीला सणच. आणि ओल्या गवतात मशीन त्या चट्ट्यावरून फिरवलं की ब्लेडला चाकाला चिकटून ती पूर्ण लॉनभर पेरली जाते. चट्टे असतील तर ते भाग सगळ्यात शेवटी कापा, पान पूर्ण कोरडं झाल्यावरच, तिथलं गवत गोळा करून बाहेर काढा, आणि नंतर मशीन धुवा. आणि या दिवसात युरिया टाकू नका लवकर हिरवं व्हावं म्हणून. मऊ लुसलुशीत पान येतं ते बुरशीला आवडतं, गवत अजून भराभर वाढतं, आणि राहिलेला अर्धा वाहून जातो.

पान लवकर कोरडं करायची एक युक्ती, पाऊस थांबला की पाण्याचा लांब पाइप किंवा जाड दोरी घ्या, दोघांनी दोन टोकं धरून लॉनवरून ओढत न्या. थेंब झडतात खाली. कडेकडेने चालायचं, मधे पाय न देता. दव असेल तर रोज केलं तरी चालतं.

---

ओलंचिंब_अंगण
चट्टे नाहीत बहुतेक. उद्या सकाळी परत नीट बघतो. युरियाचा विचार चालू होता खरं सांगायचं तर, बरं झालं बोललात.

---

कार्ब्युरेटर_काका
शेजाऱ्यांचं पेट्रोलचं घेणार असाल तर परत देताना साफ करून द्या बाबांनो, नाहीतर पुढच्या वर्षी मागायची सोय राहणार नाही. ओलं गवत खालच्या पत्र्याला आतून लपेटून बसतं, सुकलं की सिमेंट. त्याच्याखाली ओल धरून पत्रा गंजतो, आणि तो थर जाड झाला की हवा वर ओढायची जागाच उरत नाही, म्हणजे पुढच्या वेळी कोरडं गवत पण धड कापलं जाणार नाही.

साफ करायला मशीन आडवं करावं लागतं आणि तिथेच लोक चुकतात. प्लगची वायर काढा पहिलं. मग एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर राहील असं कलंडवा. उलट बाजूला पाडलं तर ऑइल फिल्टरमधे जातं, कधी सिलिंडरमधे, मग दोरी ओढली की ओढतच बसा आणि सुरू झालंच तर पांढरा धूर. टाकी जवळजवळ रिकामी असताना करा हे. लाकडाची पट्टी किंवा प्लास्टिकचा उलथना घेऊन खरवडा, ओलं असतानाच निघतं, उद्यावर टाकाल तर छिन्नी लागेल. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, बेअरिंगमधे पाणी जातं. पुसा, सावलीत वारा लागेल असं ठेवा, ओलंच ताडपत्रीत गुंडाळून कोंडू नका.

पावसाळाभर उभ्या मशीनच्या टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मग खाली पाणी वेगळं बसतं. माझ्याकडे मशीन चालू होत नाही म्हणून लोक फोन करतात त्यात निम्म्या वेळा हेच निघतं.

बॅटरीवालं असेल कोणाचं तर साफ करायच्या आधी बॅटरी काढून खिशात. मशीनवर आयपीएक्स४ असं काही लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ उडणारे शिंतोडे सोसेल इतकाच, पाइप लावून धुवायची परवानगी नाही ती. आणि एक्स१ असेल तर वरून पडणारे थेंब, बास.

---

ओलंचिंब_अंगण
अपडेट देतो, चार दिवसांनी.

परवा विळा आणि फळी घेऊन कोपरा कापला. आधी काठी फिरवली, तीन बेडूक निघाले, चौथं काही नाही निघालं. पाऊण तास लागला आणि कंबरेचा पार भुगा झाला पण विळ्याने ओलं गवत खरंच लोण्यासारखं कापतं, लांब_दांडा यांना सलाम. खाली सगळं पिवळं पडलं होतं, वास पण येत होता. आता उघडं झालंय.

काल पाऊस पूर्ण उघडला आणि वारा पण चांगला होता. सकाळी ठसा बघितला, पाणी नव्हतं पण ठसा तसाच राहिला म्हणून गप बसलो. वडील तीनदा येऊन आभाळाकडे बघून गेले, बोलले काही नाहीत. दुपारी आम्ही दोघांनी पाइप ओढला, बायकोने व्हिडिओ काढलाय तो इथे टाकणार नाही. चार वाजता परत बघितलं तर उन्हाच्या बाजूचा ठसा भरून येत होता, सावलीच्या बाजूचा नाही. म्हणून शेजाऱ्यांचं मशीन आणून निम्मंच लॉन कापलं, १० वर, अर्धा अर्धा पट्टा घेऊन. गोळे पडले थोडे, खराट्याने पसरले. सावलीची बाजू तशीच ठेवलीय, लॉन आता अर्धं भादरलेल्या डोक्यासारखं दिसतंय, येणारा जाणारा विचारतोय. वायर नवीन घेतली, फ्यूज_उडाला साहेब तुमच्यासाठी खास सांगतोय.

मशीन परत देताना शेजारचे काका म्हणाले की इतकं स्वच्छ तर मी पण ठेवत नाही.

---

कार्ब्युरेटर_काका
फिल्टर वर ठेवूनच कलंडवलं ना?

---

ओलंचिंब_अंगण
वरच होता काका. दोनदा वाचून मग हात लावला.

---

भरपावसात_भटक्या
सावलीची बाजू मी असतो तर काल उरकली असती.

---

गच्च_हिरवळ
@भरपावसात_भटक्या माहिती आहे दादा. 😄 ओपी, सावलीकडचं आता १६-१७ असेल, तेव्हा तिथे पहिला कट १० नाही, ११ वर घ्या.